अंथरुणावरच्या माणसाची सेवा : जपानने आखणी कशी केली?

प्रश्न : माझ्या सासूबाई ८३ वर्षांच्या आहेत. अर्धांगवायूनंतर अंथरुणालाच खिळल्या आहेत. त्यांचं आयुष्मान कार्ड आहे, पण ते इस्पितळात भरती झाल्यावरच उपयोगी पडतं. घरी अंघोळ, कूस बदलणं, भरवणं हे सगळं मी एकटी करते. जपानमध्ये सरकार याची सोय करतं असं ऐकलं. ते कसं? आणि अपंगांचं काय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, उपचार वेगळे आणि सेवा वेगळी, हे तुम्ही रोज अनुभवता आहात. जपानलाही हा फरक कळायला वेळ लागला. १९७३ मध्ये तिथे सत्तरीपुढच्यांचे औषधोपचार मोफत झाले. मग घरी करणारं कुणी नाही म्हणून कितीतरी वृद्ध महिनोन्‌महिने इस्पितळातच राहू लागले. जे घरी राहिले, त्यांचं सगळं बहुधा सुनेच्या अंगावर पडलं.

१९८९ मध्ये सरकारने दहा वर्षांचा ‘गोल्ड प्लॅन’ आखला. घरोघरी जाणाऱ्या मदतनिसांची संख्या १ लाखावर नेणं हे त्यातलं एक उद्दिष्ट होतं. वृद्धांसाठी दिवसभराची केंद्रं आणि शुश्रूषागृहांतल्या खाटाही वाढवायच्या होत्या. सेवा-विम्याचा कायदा झाला तो १९९७ मध्ये, आणि अंमल सुरू झाला १ एप्रिल २०००ला. आधी सेवा करणारे हात तयार केले, हक्क नंतर दिला. आखणी म्हणतात ती हीच.

चाळिशीपासून प्रत्येकजण या विम्याचा हप्ता भरतो. निम्मा खर्च हप्त्यांतून निघतो, निम्मा करांतून. गरज पडली की नगरपालिकेकडे अर्ज करायचा. पालिकेचा माणूस घरी येऊन ७४ बाबी तपासतो : कूस बदलता येते का, हाताने जेवता येतं का, आठवण कितपत राहते. त्याला डॉक्टरांच्या अभिप्रायाची जोड मिळते आणि समिती सातपैकी एक श्रेणी ठरवते. श्रेणीप्रमाणे दरमहा किती सेवा मिळणार हे ठरतं. ‘केअर मॅनेजर’ घरच्यांशी बोलून वेळापत्रक लावतो : अंघोळीला मदतनीस कोणत्या दिवशी, केंद्रात कधी न्यायचं. खर्चाचा दहावा हिस्सा आपण द्यायचा. मिळकत जास्त असेल तर २० किंवा ३० टक्के. मुलं-सुना आहेत की नाहीत, यावर हक्क ठरत नाही.

जपानने घरच्यांना रोख पैसे न देता सेवाच द्यायची असं ठरवलं. पैसे दिले तर सून त्या कामाला कायमची बांधली जाईल, असं तिथल्या स्त्री-संघटनांनी बजावलं होतं. १९९५ मध्ये असाच विमा आणणाऱ्या जर्मनीने मात्र रोख रकमेचा पर्यायही ठेवला, आणि घरी सेवा करणाऱ्या नातेवाइकाच्या पेन्शनचा हप्ता ठरावीक अटींवर विम्यातून भरला जातो.

अपंगांचं म्हणाल, तर जर्मन विम्याला वयाची अट नाही. अपंग लहान मुलालाही तो लागू होतो. जपानमध्ये हा विमा मुख्यतः ६५ वर्षांपुढच्यांसाठी आहे. ४० ते ६४ वयात ठरावीक १६ आजारांपैकी काही झालं तर तो मिळतो, आणि तरुण अपंगांसाठी वेगळा कायदा आहे.

हे स्वस्तात होत नाही. जपानमध्ये ज्येष्ठांचा सरासरी मासिक हप्ता सुरुवातीला २,९११ येन होता, तो आता ६,२२५ येन आहे. मदतनीसही पुरत नाहीत, म्हणून ते इंडोनेशिया, फिलिपिन्स, व्हिएतनाममधून बोलावले जातात. महाराष्ट्रानेही २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यात शुश्रूषेची कामंही आहेत. परदेशासाठी आपण माणसं शिकवू शकतो, तर साताऱ्यासाठीही शिकवता येतील.

आपला २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा पालनपोषणाची जबाबदारी मुलांवर आणि वारसांवर टाकतो. जिल्ह्यागणिक वृद्धाश्रमाची तरतूद त्यात आहे, पण ती निराधारांसाठी. सुनेच्या थकलेल्या हातांना मदत देणारी तरतूद त्यात नाही. ही मोठी उणीव आहे, आणि ती सरकारनेच भरून काढायला हवी.

तोवर दोन गोष्टी करा. सासूबाईंचं अपंगत्व कायमचं असेल तर जिल्हा रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र काढून घ्या. आपल्या ग्रामपंचायतींना आणि नगरपालिकांना उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चावे लागतात. तो निधी कशावर खर्च झाला हे लेखी विचारा, आणि गावात अंथरुणावर किती माणसं आहेत याची नोंद करायला लावा. जपानची आखणीही नगरपालिकेच्या अशाच मोजणीवर उभी आहे. १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर मोफत सल्ला मिळतो, तोही जरूर घ्या.