पीतज्वराचा दाखला

पाठप्रवेश

परदेशी जाताना पारपत्र व तिकीट लागते, हे तुम्हांला माहीत आहे. आफ्रिका व दक्षिण अमेरिका खंडांतील अनेक देशांत जाऊन भारतात परतणाऱ्या प्रवाशाला आणखी एक कागद जवळ बाळगावा लागतो. तो म्हणजे पीतज्वराची लस घेतल्याचा दाखला. तो कशासाठी, ते या पाठात पाहू या.

मूळ पाठ

पीतज्वर हा विषाणूमुळे होणारा रोग आहे. आजार बळावल्यास यकृत बिघडते, त्वचा व डोळे पिवळे पडतात आणि रोगी दगावण्याचीही भीती असते. हा रोग डासांमुळे पसरतो, असे मत क्यूबातील डॉक्टर कार्लोस फिनले यांनी १८८१ साली मांडले. १९०० साली वॉल्टर रीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते प्रयोगांनी सिद्ध केले.

भारतात पीतज्वराची साथ कधी आलेली नाही. तरीही धोका टळलेला नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डासच पीतज्वरही पसरवतो आणि तो आपल्या घराजवळच्या पिंपांत, टाकून दिलेल्या टायरांत वाढतो. डास येथे आहे, लस न घेतलेली कोट्यवधी माणसेही येथे आहेत. नाही तो केवळ विषाणू. एखाद्या प्रवाशाच्या रक्तातून तो आला आणि त्या प्रवाशाला येथील डास चावला, तर रोगाची साखळी जुळू शकते.

ही साखळी सीमेवरच तोडावी लागते. पीतज्वर असलेल्या देशातून आलेल्या प्रवाशाजवळ दाखला नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवतात. सहाच दिवस का? लागण झाल्यापासून साधारणपणे ३ ते ६ दिवसांत लक्षणे दिसतात. तेवढ्या काळात ती दिसली नाहीत, तर प्रवासी निर्धोक मानला जातो.

लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी दाखला ग्राह्य होतो. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी घाईने घेतलेली लस उपयोगी पडत नाही. ११ जुलै २०१६ पासून हा दाखला आयुष्यभर ग्राह्य धरला जातो.

विलगीकरण ही शिक्षा नव्हे. एका प्रवाशाच्या सहा दिवसांच्या गैरसोयीने असंख्य कुटुंबांचे रक्षण होते.

शब्दार्थ

दगावणे – मरण पावणे
ग्राह्य – स्वीकारण्याजोगा
विलगीकरण – इतरांपासून वेगळे ठेवणे

स्वाध्याय

१. भारतात पीतज्वर नसतानाही त्याचा धोका का आहे?
२. सहा दिवसांच्या मुदतीमागील कारण लिहा.
३. ‘विलगीकरण ही शिक्षा नव्हे’ या विधानाविषयी तुमचे मत पाच-सहा वाक्यांत मांडा.