पाऊस कलमांवर, विमा यंत्रावर

राजापूर तालुक्यात, खाडीच्या अलीकडे, कातळावर माझी हापूसची चाळीस कलमं आहेत. चाळीस म्हणजे बागायतदार म्हणवून घ्यायला कमी आणि झोप उडवायला पुरेशी. तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये पहाटे तीनच्या सुमारास पडवीच्या पत्र्यावर ताडताड सुरू झालं. बायको म्हणाली, "ऐकताय ना?" ऐकत होतोच. पहिली कैरी सुपारीएवढी झाली होती, मागाहून आलेला मोहोर अजून फुललेला. उजाडल्यावर बघतो तर कलमांखाली कैऱ्यांचा सडा. राहिलेला मोहोर आठवड्याभरात करप्याने काळा पडला.

खरं सांगायचं तर मी फारसा घाबरलो नव्हतो. फळपीक विमा उतरवला होता आणि अवेळी पाऊस त्यात येतो एवढं ठाऊक होतं. तलाठी भाऊसाहेबांना पंचनाम्याला बोलावलं. मोबाइलवर साठ-सत्तर फोटो काढले. ७२ तासांच्या आत कळवावं लागतं असं कुणीतरी म्हणालं, म्हणून दीड दिवस टोल फ्री नंबर फिरवत बसलो. आणि सोसायटीचा हप्ता 'विम्याचे आले की भरतो' म्हणून पुढे ढकलला. विम्यासाठी यातल्या एकाही धावपळीचा उपयोग नव्हता. हप्त्याचं तर व्याज अंगावर आलं.

भरपाई आली शून्य.

आमच्या कृषी सहायकाकडे तणतणत गेलो. वयाने माझ्या मुलाएवढा. त्याने चहा मागवला आणि म्हणाला, "काका, पाऊस तुमच्या कलमांवर पडला, पण विमा कलमांवर नाही. तो महसूल मंडळातल्या हवामान यंत्रावर आहे." त्याने मोबाइलवर आकडा दाखवला. त्या दिवसाची नोंद ३.४ मि.मी. त्या वर्षीच्या विम्याच्या तक्त्यात एका दिवसाला किमान ५ मि.मी. हवा होता. यंत्र आमच्यापासून नऊ-दहा किलोमीटरवर, खाडीपलीकडे. ते बिघडलेलं नव्हतं, तिथे पडलाच तेवढा होता. कोकणात एका वाडीत सर आणि पुढच्या वाडीत ऊन, हे लहानपणापासून बघत आलो. विम्याच्या कागदावर सही करताना मात्र आठवलं नाही.

हवामान आधारित विम्याची मांडणीच अशी आहे. प्रत्येकाच्या बागेत माणूस पाठवून नुकसान मोजायचं तर लहान शेतकऱ्याच्या बाबतीत भरपाईपेक्षा तपासणीचा खर्च जड होतो. म्हणून झाड बघायचंच नाही. पाऊस, तापमान, वारा मोजायचा आणि ठरलेली मर्यादा ओलांडली की मंडळातल्या सगळ्या विमाधारकांना पैसे द्यायचे. आपल्या देशात हा प्रयोग २००३ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या महबूबनगर जिल्ह्यात भुईमूग आणि एरंडीवाल्यांसाठी झाला. आज महाराष्ट्रात महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून जास्त स्वयंचलित केंद्रं आहेत. तरी एका मंडळात गावं किती आणि डोंगर-खाड्या किती, ते तुम्हीच मोजा.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पुढच्याच वर्षी यंत्रापाशी उष्मा मर्यादेच्या वर गेला, सलग दिवसही भरले. माझी कलमं खाडीच्या वाऱ्यावर बरी होती, तरी खात्यात पैसे जमा झाले. त्या वर्षी मी कुणाकडे तणतणत गेलो नाही.

तेव्हापासून विम्याचा अर्ज भरायच्या आधी मी त्या वर्षीचा तक्ता मागून घेतो. त्यात प्रत्येक धोक्यापुढे मुदत, मर्यादा आणि रक्कम लिहिलेली असते. 'सलग' हा शब्द दोनदा वाचा. सलग तीन दिवस म्हटलं असेल तर दोन दिवस भाजून तिसऱ्या दिवशी ढग आले की हिशेब पुन्हा पहिल्यापासून. आपलं गाव कुठल्या मंडळात आणि कुठल्या केंद्राला जोडलंय तेही विचारा. अर्ज भरणारा पोरगा घाईत असतो आणि एकाच नावाची गावं तालुक्यात दोन निघतात. शेतकऱ्याचा हिस्सा एरवी विमा रकमेच्या ५ टक्के म्हणतात, पण एकूण दर फार चढलेल्या जिल्ह्यांत तो वाढतो, तेव्हा आपल्या जिल्ह्याचा आकडा बघूनच भरा.

ते ७२ तास गारपिटीच्या जादा संरक्षणाचे. त्याचा हप्ता वेगळा, तो भरला असेल तरच कळवायचं आणि मग बागेत माणूस येतो. देशावरच्या द्राक्ष-डाळिंबवाल्यांनी ते घ्यावंच असं माझं मत. तलाठ्याचा पंचनामा मात्र करून ठेवा. सरकारी मदत जाहीर झाली तर ३३ टक्क्यांवरच्या नुकसानीला तो लागतो. तो खिसा वेगळा, हा वेगळा.

पाऊस मोजायला मी आता खळ्यात पर्जन्यमापक ठेवलाय. रोज सकाळी साडेआठला बघतो आणि वहीत लिहितो. विमा कंपनी ती वही मानत नाही. पण काही वर्षं माझा आकडा आणि यंत्राचा आकडा शेजारी ठेवले की आपल्या बागेला हा विमा कितपत लागू पडतो ते कळतं. माझं गणित असं निघालं, की अवेळी पावसाला तो माझ्या कामाचा निम्माच आहे, उष्म्याला बरा. म्हणून विमा सोडला नाही, पण त्याच्या भरवशावर कर्जही ठेवत नाही.

विम्याच्या अर्जात आमच्याकडची खरी मेख सातबारा आहे. माझ्या कलमांच्या जमिनीवर आजोबांपासूनची सव्वीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत. सामाईक खात्याला सगळ्यांचं संमतीपत्र लागतं आणि आंब्याची मुदत ३० नोव्हेंबरला संपते. एकदा मी दिवाळीनंतर कामाला लागलो आणि ते वर्ष हुकलं. आता गणपतीला सगळे गावी आले की आरती झाल्याबरोबर कागद फिरवतो, मोदक ताटात पडायच्या आधी. यंदा चोवीस सह्या झाल्या. एक चुलतभाऊ सौदीत आहे आणि डोंबिवलीच्या काकूंचा गुडघा दुखत होता म्हणून त्या आल्याच नाहीत. त्यांच्याकडे रविवारी जाऊन येणार आहे.