प्रेशर किती? किलोत सांगा!

पाऊस उघडला की कांदा, ऊस आणि छाटणी झालेल्या द्राक्षबागांसाठी ठिबकचे संच पुन्हा चालू होतात. पावसाळाभर बंद पडलेला संच सुरू करताना आधी प्रेशर बघायचं असतं आणि घोटाळा होतो तो तिथेच. ड्रिपरच्या माहितीपत्रकात बार, पाइपवर किलो, फवारणी पंपाच्या गेजवर पीएसआय, मोटारीच्या पाटीवर मीटर; विहीर मात्र आपण फुटांत मोजतो.

सोपा उपाय म्हणजे सगळं किलोवर आणायचं. 'एक किलो प्रेशर' म्हणजे एका चौरस सेंटीमीटरवर एक किलोचा भार. दहा मीटर उंचीचं पाणी तळाशी तेवढाच दाब देतं. म्हणून १ किलो म्हणजे १० मीटर, म्हणजेच साधारण ३३ फूट पाणी. पीएसआयमध्ये तो आकडा १४.२ येतो. बार आणि किलो यांत जेमतेम दोन टक्क्यांचा फरक आहे, शेतातल्या गेजवर तो कळतही नाही, तेव्हा दोन्ही एकच धरा. काही गेजवर एमपीए असतं, तिथे ०.१ म्हणजे एक किलो. हे मात्र नीट वाचा. ०.६ ला अर्ध्या किलोच्या आसपास समजून कुणी बायपास आवळत बसला, तर सहा किलोचा पाइप आधीच मर्यादेला टेकलेला असतो.

फिल्टरजवळ दोन गेज असतात. त्यातलं एक बिघडलं की दुकानात मिळेल ते बसवलं जातं. आत १.८ किलो आणि बाहेर १८ पीएसआय दिसलं, तर नुसत्या आकड्यांवरून काय समजणार? १८ ला १४.२ ने भागा, १.२७ किलो येतात. फरक अर्ध्या किलोच्या वर गेला, म्हणजे फिल्टर आजच धुवायचा.

लॅटरलच्या शेवटच्या टोकालाही दाब मोजा. साध्या ड्रिपरचं पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या हिशेबाने बदलतं. एक किलोला ताशी ४ लिटर देणारा ड्रिपर अर्ध्या किलोला २.८ लिटर देतो. चार तासांत पहिल्या झाडाला १६ लिटर मिळतात, शेवटच्याला ११. प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रिपरला ठरलेल्या मर्यादेत हा हिशेब लागू नाही.

मोटार घेताना चूक झाली तर ती महागात पडते. समजा विहिरीतलं पाणी ५० फूट खाली आहे आणि शेत १६ फूट चढावर. हे ६६ फूट, म्हणजे २० मीटर. फिल्टरच्या आधी दोन किलो हवेत, त्याचे आणखी २० मीटर. झाले ४०, आणि पाइपातलं घर्षण अजून धरलेलंच नाही. पाटीवरचा सर्वांत मोठा हेड बघून खूश होऊ नका, त्या हेडला पाणी सर्वांत कमी येतं. शिवाय उन्हाळ्यात विहीर आणखी ३३ फूट उतरली, तर एक किलो प्रेशर तिथेच गेलं. हा हिशेब रब्बीतच करून ठेवा.

एचटीपी पंपाच्या गेजवर बहुधा दोन वर्तुळं असतात. ३०० पीएसआय म्हणजे २१ किलो. 'वीसवर ठेव' असं सांगितलं आणि गड्याने पीएसआयचं वर्तुळ वाचलं, तर दीड किलोसुद्धा भरत नाही. गनमधून तुषार न पडता धार पडते आणि औषध पानावरून ओघळतं. कोणतं वर्तुळ वाचायचं ते गेजशेजारी रंगाने लिहून ठेवा.

गेज खरं बोलतं का, हे घरच्या टाकीवर तपासता येतं. मोटार बंद असताना काटा शून्यावर हवा. मग टाकीतल्या पाण्याच्या पातळीपासून २० फूट खालच्या नळाला गेज जोडा, त्या लाइनवरचे बाकीचे नळ बंद ठेवा. काटा ०.६ किलोच्या, म्हणजे साडेआठ पीएसआयच्या जवळपास थांबला नाही, तर गेज बदला.