लेकराचा दमा : पंपाला नको, धुराला घाबरा



पावसाळा सरून थंडी सुरू झाली की वस्तीतल्या दवाखान्यांपुढे रांगा लागतात. कडेवर दोन-तीन वर्षांचे लेकरू, छातीत घरघर, आणि आईच्या पिशवीत जुन्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. चिठ्ठ्या उलगडून पाहिल्या तर प्रत्येकीवर तेच दिसते : खोकल्याचे लाल औषध, अँटिबायोटिक, एक सुई. चार दिवस बरे वाटते, पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. आईचा कामाचा खाडा होतो तो वेगळाच. धुणीभांड्याच्या कामावर महिन्यात तिसऱ्यांदा खाडा झाला की मालकीण दुसरी बाई बघते.

लहान मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणे नवलाचे नाही. ती आठ-दहा दिवसांत आपली आपण जाते आणि बहुतेक वेळा तिला अँटिबायोटिक लागतच नाही. पण काही मुलांची गोष्ट वेगळी असते. सर्दी झाली की छातीत सुं-सुं आवाज येतो. खोकला रात्री आणि पहाटे वाढतो. धावले, खूप हसले किंवा रडले की ढास लागते. आईला किंवा बापाला दमा असतो, नाहीतर मुलाच्या अंगावर खाजरे चट्टे असतात. असे असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, "हा बाळदमा आहे का?" पाच वर्षांखालच्या मुलाला फुंकून करायची तपासणी नीट जमत नाही, म्हणून डॉक्टरांना आईने सांगितलेल्या माहितीवरच पुष्कळ अवलंबून राहावे लागते. एक वही करा. घरघर कोणत्या तारखेला झाली, रात्री किती वेळा उठले, त्या दिवशी घरात किंवा गल्लीत काय जळत होते, एवढे लिहा. लिहिता येत नसेल तर मोठ्या मुलीकडून लिहून घ्या. (खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त, सोबत ताप आणि वजन घटते आहे, किंवा घरात कोणाला टीबी आहे, तर आधी टीबीची तपासणी. ती सरकारी दवाखान्यात फुकट होते.)

आता मुख्य गोष्ट. डॉक्टरांनी पंप लिहिला की घरात रडारड सुरू होते. "पंपाची सवय लागेल." "पंप म्हणजे शेवटचे औषध." मुलगी असेल तर आजी म्हणते, "कोणाला सांगू नका, पुढे लग्नाला अडचण." आरोग्य बैठकीत हे मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता बैठकीची सुरुवातच मी पंप हातात घेऊन करते.

दम्यात श्वासाच्या नळ्या आतून सुजतात आणि आवळतात. औषध पाहिजे ते त्या नळ्यांत. पंपाने ते थेट तिथे जाते, म्हणून अगदी थोडे पुरते. पंपातल्या स्टिरॉइडच्या नावाने लोक दचकतात. बुडेसोनाइडच्या एका फवाऱ्यात साधारण 100 ते 200 मायक्रोग्रॅम औषध असते. 1000 मायक्रोग्रॅम म्हणजे 1 मिलिग्रॅम. गोळी-सिरपमधून तेच काम करायचे तर कित्येक मिलिग्रॅम स्टिरॉइड साऱ्या अंगात जाते. गल्लीतल्या डॉक्टरच्या ज्या सुईने "लगेच उतार पडतो", तिच्यात पुष्कळदा स्टिरॉइडच असते, हे कोणी सांगत नाही. म्हणजे जे टाळायचे म्हणून आपण पंप नाकारतो, तेच दर पंधरा दिवसांनी दंडात टोचून घेतो.

पंप दोन प्रकारचे असतात आणि गोंधळ इथेच होतो. एक आवळलेली नळी मोकळी करणारा, त्यावर साल्ब्युटामॉल किंवा लेव्होसाल्ब्युटामॉल लिहिलेले असते. तो धाप लागली की द्यायचा. दुसरा सूज उतरवणारा, त्यावर बुडेसोनाइड, बेक्लोमेथासोन किंवा फ्लुटिकासोन यांपैकी नाव असते. तो डॉक्टरांनी सांगितले असेल तर रोज द्यायचा, मूल हसत-खेळत असतानाही. "आता बरे आहे" म्हणून आपल्या मनाने बंद केला की महिन्याभरात पुन्हा रांगेत उभे राहावे लागते. रंगावर भरवसा ठेवू नका, कंपनीप्रमाणे तो बदलतो. रोजच्या पंपाला लाल दोरा बांधा.

लहान मुलाला पंप थेट तोंडात मारून उपयोग नाही, औषध घशातच चिकटते. मध्ये स्पेसर लागतो, म्हणजे प्लास्टिकची नळकांडी. चार वर्षांखालच्या मुलाला तिला मास्क लावावा लागतो. पंप हलवा, मास्क नाका-तोंडावर घट्ट बसवा, एक फवारा मारा, मुलाला पाच-सहा श्वास घेऊ द्या. मग पुढचा फवारा. रडणाऱ्या मुलाच्या छातीत औषध कमी जाते, म्हणून मांडीवर घेऊन, आधी बाहुलीला मास्क लावून दाखवा. रोजच्या पंपानंतर चेहरा पुसा, चूळ भरायला लावा किंवा पाणी पाजा, नाहीतर तोंड येते.

स्पेसरला पैसे नसतील तर मोठ्या मुलासाठी अर्ध्या लिटरची शीतपेयाची बाटली चालते. केप टाऊनच्या डॉक्टरांनी दमा उठलेल्या मुलांवर हे करून पाहिले आणि 1999 साली प्रसिद्ध केले. नीट बंद केलेली बाटली विकतच्या स्पेसरइतकीच कामाला आली. बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचे भोक तापवलेल्या तारेने पाडा, आत प्लास्टिकचा कण राहू देऊ नका, फट डिंकाने बुजवा. साबणाच्या पाण्यात धुऊन न पुसता वाळवा. वापरण्याआधी नर्सताईंना दाखवून घ्या.

पंप संपला का हे हलवून कळत नाही. एका पंपात बहुधा 200 फवारे असतात. रोज चार लागत असतील तर 50 दिवस. उघडल्याची तारीख पेनाने पंपावरच लिहा.

रात्री धाप लागली तर डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे साल्ब्युटामॉल द्या. सामान्यतः एकामागून एक दोन फवारे सांगितलेले असतात. वीस मिनिटांत उतार नसेल तर पुन्हा द्या आणि निघा. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो, मूल दूध पिऊ शकत नाही, बोलताना शब्द तुटतात, ओठ निळसर होतात, लेकरू सुस्त पडते, यातले एकही दिसले तर वीस मिनिटेही थांबू नका. 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या रिक्षाने मोठे रुग्णालय गाठा आणि वाटेत पंप देत राहा. मूल शांत असताना एक मिनिट श्वास मोजायला शिका. दोन महिने ते वर्षाच्या आतल्या बाळाचे श्वास 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे 40 किंवा जास्त भरले, तर न्यूमोनियाही असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना. न्यूमोनियाची पीसीव्ही लस 6 आठवडे, 14 आठवडे आणि 9 महिन्यांना मोफत मिळते, ती चुकवू नका.

आणि धूर. दहा बाय दहाच्या खोलीत रात्रभर मच्छर कॉइल जळते, तिचा धूर विडीच्या धुराहून सोज्वळ नाही. मच्छरदाणी लावा. बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्यावर ओवा-वावडिंग टाकून बाळाला धुरी देतात, ती बंदच करा. आजीबाई रागावतील, रागावू द्या. सकाळ-संध्याकाळच्या वंदनेला फुले आणि मेणबत्ती पुरते, उदबत्ती लावायचीच तर दाराबाहेर लावा. बाप विडी ओढत असेल तर घरात नाही, आणि बाहेर ओढून आल्यावर लगेच लेकराला उचलणेही नाही.

घरातला धूर आपल्या हातात आहे, पण गल्लीतला? 2016 च्या जानेवारीत देवनारच्या डम्पिंगला आग लागली तेव्हा आसपासच्या महापालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. कचरा पेटतो तो बहुतेक आपल्याच वस्त्यांच्या उशाला. आपल्या वॉर्ड कार्यालयात कचरा जाळण्याची लेखी तक्रार द्या, पोच घ्या, सोबत दहा घरांच्या सह्या आणि त्या वहीतल्या तारखा जोडा.

कोजागिरीच्या खिरीतले औषध, मृगाला हैदराबादला मिळणारा जिवंत मासा, यांनी दमा बरा होतो याला पुरावा नाही. तिथवरच्या गाडीभाड्यात पंप येतो. केळे, दही सरसकट बंद करून आधीच अशक्त लेकरू आणखी वाळवू नका. एखाद्या पदार्थाने दर वेळी त्रास होतो असे वहीत दिसले, तर तेवढाच थांबवा.

साल्ब्युटामॉल आणि बुडेसोनाइडचे पंप देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून उपचार मोफत आहेत. मुंबईतली पालिकेची रुग्णालये त्यात येत नाहीत, पण पंप तिथेही मागा. "बाहेरून आणा" म्हणाले तर औषध शिल्लक नसल्याचे चिठ्ठीवर लिहून मागा. नाहीच मिळाले तर जनऔषधी दुकानात भाव विचारा.

बरीच मुले शाळेत जाईपर्यंत यातून बाहेर पडतात, काहींना पुढेही औषध लागते. तोवर बालवाडीच्या ताईंना मुलाचा आजार स्पष्ट सांगा, आणि साल्ब्युटामॉलचा पंप, स्पेसर व वापर लिहिलेली चिठ्ठी मुलाच्या दप्तरात ठेवा.