एका निदानाआड दडलेले दुसरे

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, आणि एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवण्यातील अडचण व वयाच्या मानाने फार जास्त चंचलता, या मेंदूच्या वाढीशी निगडित दोन अवस्था एकाच बालकात असू शकतात, हे आज मान्य असले तरी अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या १९९४ सालच्या निदान-पुस्तिकेने दोन्ही निदाने एकत्र करण्यास मनाई केली होती आणि ती २०१३ साली उठेपर्यंत संशोधकही बहुधा दोन्ही गटांचा वेगवेगळा अभ्यास करीत राहिले. त्यानंतरच्या संशोधनात स्वमग्न मुलांपैकी सुमारे ४० टक्क्यांत एडीएचडीही आढळला. जुळ्यांच्या व भावंडांच्या अभ्यासांतून तर दोहोंची आनुवंशिक मुळे काही अंशी सामाईक असल्याचे दिसते.

लहान वयात मात्र ही सरमिसळ ओळखणे कठीण जाते. हाक मारूनही मूल वळत नसेल, तर त्याचे लक्ष भलतीकडे असेल किंवा हाकेमागचा संवादाचा हेतूच त्याला उमगत नसेल (श्रवणदोष नाही ना, हे अर्थातच आधी तपासावे लागते). धावपळ चटकन डोळ्यांत भरते. पण बोटाने वस्तू दाखवून आपला आनंद वाटून न घेणे, नजरेला नजर न देणे, ही शांत लक्षणे ‘मोठा झाला की सुधारेल’ या समजुतीखाली झाकली जातात. आधी एडीएचडीचे निदान झालेल्या मुलांत स्वमग्नता ओळखण्यास सुमारे तीन वर्षे अधिक लागतात, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात दिसले. वाचा आणि संवाद घडण्याच्या वयातील ही तीन वर्षे फार मोलाची असतात.

दुसरे निदान उपचारही बदलते. स्वमग्न व अतिचंचल अशा ७२ मुलांवरील, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मिथाइलफेनिडेट या औषधाचा गुण सुमारे निम्म्यांनाच आला आणि १८ टक्के मुलांत दुष्परिणामांमुळे ते थांबवावे लागले. म्हणून अशा मुलांत मात्रा अल्प ठेवून सावकाश वाढवली जाते, आणि सहा वर्षांखालील मुलांसाठी आधी पालकांना वर्तन हाताळण्याचे प्रशिक्षण देणे श्रेयस्कर ठरते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. तेथे किंवा बालरोगतज्ज्ञांकडे एक निदान हाती आल्यावर पालकांनी दुसऱ्या अवस्थेचीही तपासणी झाली आहे का, हे आवर्जून विचारावे.