कुत्रा काय शिकतो?

चंदीगढच्या सेक्टरांमधून हिरवळीचे पट्टे जातात आणि सेक्टरांच्या कडेने रहदारीचे मोठे रस्ते. अशा एका हिरवळीवर साखळीतून सुटलेला कुत्रा रस्त्याकडे धावू लागला, असे समजू या. मालकाने पाच हाका मारल्या. सहाव्या हाकेस तो परत आला आणि मालकाने त्यास छडी मारली. मालकाच्या मते ही शिक्षा पळून जाण्याबद्दल होती. कुत्र्याला मात्र ती परत येण्याबद्दल मिळाली. पुढच्या खेपेस तो हाकेस येण्यास कचरेल, आणि रस्ता तर तेथेच आहे.

असे का घडते? रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह ह्यांनी दाखवून दिले की, अन्नापूर्वी वारंवार एकच ध्वनी ऐकविल्यास पुढे केवळ त्या ध्वनीने कुत्र्यास लाळ सुटते. ह्यास अभिसंधान म्हणतात. मालकाचा हातही असाच वेदनेशी जोडला जातो. अमेरिकेत थॉर्नडाइक ह्यांनी १८९८ साली मांजरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. ज्या कृतीचे फळ सुखद, ती पुन्हा घडते, असा नियम त्यांतून निघाला. शिक्षेचा परिणाम बक्षिसाच्या मानाने दुबळा असतो, हेही पुढे त्यांनीच मान्य केले.

चंदीगढनजीक पंचकुला जिल्ह्यात भानू येथे भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे श्वानप्रशिक्षण केंद्र आहे. स्फोटके हुंगून काढणारा कुत्रा केवळ धाकाने तयार होत नाही. विशिष्ट गंध सापडला की चेंडू किंवा खाऊ मिळतो, हा संबंध त्याच्या मनात दृढ करावा लागतो.

गुरगुरणाऱ्या कुत्र्यास मारणे तर अधिकच घातक होय. माराने गुरगुरणे थांबते, भीती थांबत नाही. मग तो पूर्वसूचना न देताच चावतो. घरात लहान मूल असल्यास ह्याचा अर्थ सांगावयास नको.

आता करून पाहा. घरातच, दोन पावलांवरून कुत्र्यास नावाने हाक मारा. तो येताच, क्षणाचाही विलंब न लावता, पोळीचा लहानसा तुकडा द्या. अंतर हळूहळू वाढवा. बाहेर सराव करताना प्रथम लांब दोरी बांधून ठेवा. तो उशिरा आला तरी त्यास रागावू नका. आपण काय शिकविले, हे आपल्या हेतूवरून ठरत नाही. कुत्र्यास त्या क्षणी काय मिळाले, ह्यावरून ठरते.