शेतातील छोटा उंदीर

बांधाच्या कडेला अंगठा जाईल एवढे बीळ आणि त्याच्या तोंडाशी मातीचा बारीक ढिगारा दिसला, की तेथे शेतातील छोट्या उंदराचे घर असावे असे समजावे. प्राणिशास्त्रात यास ‘मस बुडुगा’ म्हणतात. पाठ तपकिरी, पोट पांढरे, वजन साधारण १० ग्रॅम. दिवसा तो बिळात विसावतो. रात्री बाहेर पडून धान्य, गवताचे बी आणि किडे खातो. पुढचे दात जन्मभर वाढत असल्याने त्याला सतत कुरतडावे लागते. ती त्याची खोडी नव्हे, गरज आहे.

वसतिगृहात पहाटेची घंटा आपणांस उठवीत असे. मग अंधाऱ्या बिळात या जिवाला वेळ कशी कळते? मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला. अखंड अंधारात ठेवले तरी उंदराचे जागणे व विसावणे सुमारे २४ तासांच्या लयीत चालूच राहते. घड्याळ त्याच्या देहातच असते. बाहेरचा प्रकाश ते केवळ जुळवून देतो.

उंदीर पिकाची नासाडी करतात आणि त्यात शेतकऱ्याचे कष्ट वाया जातात, हे खरेच. परंतु विषाने मेलेला उंदीर खाऊन गव्हाणी घुबडासही बाधा होऊ शकते. मग शेताचा राखणदारच नाहीसा होतो. म्हणून घुबडास व धामणीस अभय द्यावे. ज्याचा बंदोबस्त करावयाचा, त्याचे जीवन आधी जाणून घ्यावे.